रागासकट

मिस्त्रींचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्यांचे डोळे दुपटीने काम करायला लागले. सगळा जन्म भिंती बांधण्यात गेलेला. भिंत ओळंब्यात आहे की मध्येच पोट काढून बसलीय, हे त्यांना रस्त्यावरून जाता जाता कळायचं. आता भिंती राहिल्या नाहीत, तेव्हा ती नजर माणसांवर वळली. आणि माणसं बघावीत तर एकूणएक कुठे ना कुठे फुगलेलीच.

सगळ्यांत जास्त सून.

मुलगा आदल्या हिवाळ्यात तापाने गेला. तोही गवंडीच होता, बापाच्या हाताखाली तयार झालेला. त्याला मातीआड करून आल्यावर मिस्त्री प्रार्थनेला जायचे बंद झाले. गावातल्या चर्चच्या भिंती त्यांनीच तरुणपणी रचल्या होत्या, पण आता त्या बाजूला मान वळवणंही त्यांनी सोडलं. पुढे एका सकाळी खाटेवरून उठायला गेले ते तोंडावरच पडले. डावा हात, डावा पाय आणि अर्धी जीभ गेली.

घरात उरली ती दोघं. सुनेला मूलबाळ नव्हतं. तिचे वडील न्यायला आले होते, गाडीसुद्धा जुंपून दारात उभी केली होती. ती गेली नाही. का गेली नाही, हा काटा तेव्हापासून मिस्त्रींच्या डोक्यात रुतून बसला होता. तरणीताठी बाई, नवरा नाही, सासरा असा लाकडासारखा पडलेला. उगाच कोण थांबेल? घर दोन खोल्यांचं, गोठ्यात एक गाय. राहता राहिला घरामागचा उतारावरचा जमिनीचा तुकडा. मिस्त्रींनी हिशेब जुळवला आणि ते गप्प डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

त्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. नदीच्या पात्रात गुरं झोपायची. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. घागर आत सोडली की आधी दगडाचा आवाज यायचा.

सून उजाडायच्या आधी उठायची. आतल्या खोलीत गुडघे टेकायची, पुस्तक उघडून थोडं वाचायची, मग ओठ हलवत बसायची. खाटेवरून मिस्त्रींना तिची पाठ दिसायची. ‘माझंच मरण मागत असेल,’ त्यांना वाटायचं. मग ती गायीची धार काढायची, पाणी आणायची, आणि चूल पेटली की त्यांच्याकडे वळायची. हा दिवसातला सगळ्यांत वाईट भाग.

ज्या हातांनी दगड फोडले, ते हात, काखा, खांदे आता एक पोरगी ओल्या फडक्याने पुसायची. कूस बदलून पाठ पुसायची, धोतर बदलायची. मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. एवढ्याच वेळापुरते ते डोळे मिटत.

“आता हात,” ती म्हणायची.

दवाखान्यातल्या नर्सने दाखवलेले व्यायाम होते. मुठीत काहीतरी धरायचं, सोडायचं. पाय दुमडायचा, सरळ करायचा. सुनेने त्यांची गिलाव्याची जुनी थापी शोधून काढली होती, तीच ती त्यांच्या डाव्या मुठीत बसवायची. थापी घसरून जमिनीवर खणकन पडायची.

“नको,” मिस्त्री अर्ध्या तोंडाने म्हणायचे. शब्द ‘नो’ असा काहीतरी बाहेर पडायचा.

“नको तर नको. पण एकदा धरा.”

“चेष्टा लावलीस माझी.”

“चेष्टा करायला मला वेळ कुठाय, मामंजी? शेतात ढेकळं वाट बघतायत.”

ती थापी उचलायची, पुन्हा मुठीत द्यायची. रोज. त्यांनी शिव्या घातल्या तरी. एकदा त्यांनी उजव्या हाताने थापी भिरकावली ती तिच्या नडगीला लागली. ती खाली बसून नडगी चोळत राहिली, तिचे डोळे भरून आले, ओठ आवळले गेले. मिस्त्रींना वाटलं, आता खरं रूप दिसणार. ती उठली, बाहेर गेली, गायीशी मोठमोठ्याने काहीतरी भांडून आली आणि थापी परत त्यांच्या मुठीत दिली. मिस्त्रींचा संशय आणखी बळावला. इतका सोशीकपणा फुकट कोणी करत नाही.

दुपारी ती शेतात गेली की पुतण्या यायचा.

पुतण्या म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याचं शेत ह्यांच्या शेताला लागूनच, वरच्या अंगाला. बोलणं मऊ, चाल मऊ. पायरीवर चपला काढून खाटेच्या पायथ्याशी बसायचा आणि काकांचा लुळा पाय दाबायला घ्यायचा.

“काका, मी बोलू नये. पण रक्ताचं नातं आहे म्हणून राहवत नाही.”

“बोल.”

“काल चर्चचे पाळकसाहेब तुमच्या शेतात होते. वहिनीबरोबर. पावलं टाकत होते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“मोजत होते?”

“मी कसं सांगू? मी लांबून बघितलं. पण नुसतं फिरायला कोणी असं तोंडाने आकडे म्हणत फिरत नाही ना.” पुतण्याने पाय दाबता दाबता उसासा टाकला. “तुमच्यामागे शेत तिचं. तिच्यामागे कोणाचं? तिला ना मूल ना बाळ. देऊन टाकील देवाच्या नावावर. आणि तुम्हाला असं बोलता येतंय तोवर चार माणसांसमोर एक शब्द टाकलात की शेत पुतण्या बघेल, तर घरातलं घरात राहील. तिला काय, माहेर आहे.”

पुतण्या गेल्यावर मिस्त्रींनी बघितलं तर त्याने दाबलेल्या पायावर बोटांचे वळ उमटले होते. पायाला काही कळलंच नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी बारकाईने बघायला सुरुवात केली. आणि बघणाऱ्याला दिसतंच. गाय किती दूध द्यायची ते भांड्यात पडताना आवाजावरून कळायचं, पण चुलीवर तापायला यायचं ते कमी असायचं. कणगीतलं धान्य दोन माणसांच्या खाण्यापेक्षा लवकर खाली जात होतं. धार काढून झाली की सून मागच्या दाराने बाहेर जायची, झाकणाची किटली पदराखाली धरून, आणि परतायची ती पुढच्या दाराने, किटली पदराआडच ठेवून, सहज बाहेर जाऊन आल्यासारखी.

एका सकाळी त्यांनी विचारलंच. “दूध कमी का?”

सून चुलीपाशी होती. फुंकणी तिच्या हातात तशीच राहिली.

“गाय कमी देते असं सांगितलं तर ते खोटं होईल,” ती म्हणाली. “थोडं बाहेर जातं.”

“कुठे?”

“ते नका विचारू. मी शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“तेच तर सांगायचं नाही, मामंजी.”

“माझी गाय. माझं धान्य.”

“माझ्या वाटणीचंच देते मी. मी सकाळी दूध घेत नाही, एक वेळ कमी जेवते. तुमच्या वाट्याला हात लावलेला नाही.”

मिस्त्रींनी तिच्याकडे नीट बघितलं. खरंच वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती. पण माणूस कोणासाठी असा वाळतो? त्यांच्या मनात नाही नाही ते आलं. पाळक आला, गावातला कोणी पुरुष आला. त्यांनी विचारलं, “माहेरी का गेली नाहीस?”

ह्या प्रश्नाने ती जरा चमकली. मग फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, “रोज सकाळी विचारते. जाऊ का म्हणून.”

“कोणाला?”

“प्रभूला. दुसऱ्या कोणाला विचारणार?”

“मग काय म्हणतो तो?”

“फार काही नाही. आज गायीची धार काढायचीय, मामंजींना उठवायचंय, एवढंच कळतं. उद्याचं तो सांगत नाही. मी पुष्कळ खोदून विचारते.”

उत्तर इतकं साधं होतं की मिस्त्रींना त्यात डाव दिसला.

आता त्यांना एकच ध्यास लागला. तिच्या मागावर जायचं. पण जायचं कशाने? दुसऱ्या दिवशी सुनेने थापी पुढे केली तेव्हा त्यांनी ‘नको’ म्हटलं नाही. मूठ वळवली. थापी पडली, स्वतःच म्हणाले, “दे परत.” पाय दुमडला, सरळ केला. भिंतीला धरून उभे राहिले तेव्हा गुडघा मेणासारखा वाकला, कपाळावर घाम आला, पण उभे राहिले. सुनेला काय आनंद! ती हात जोडून मोठ्याने म्हणाली, “प्रभू, तू ऐकलंस.” मिस्त्रींना आत कुठेतरी ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी ते झटकून टाकलं आणि पुढचं पाऊल टाकलं. ती शेतात गेली की एकटेच भिंतीभिंतीने चालायचे. पडायचे, सरपटत खाटेपाशी यायचे. कोपरं सोलवटली. सुनेने विचारलं तर म्हणायचे, “खाटेला घासतात.”

ऊन तापायच्या आधीच्या एका सकाळी ती किटली घेऊन मागच्या दाराने निघाली. मिस्त्रींनी काठी घेतली आणि थोडं अंतर राखून मागे निघाले.

घराबाहेर ते किती महिन्यांनी आले होते कोण जाणे. डावा पाय ओढत नेताना धुळीत लांब रेघ उमटत होती. आपल्याच शेताच्या कडेला ते क्षणभर थांबले. उताराच्या तळाशी दगडांचा नवा बांध घातलेला होता, पाऊस पडलाच तर माती वाहून जाऊ नये म्हणून. सुनेने मोठे दगड एकटीने उचलले नसणार. पाळक पावलं मोजत होता ते ह्यासाठी तर. दगड मात्र उलटेसुलटे बसवलेले, सांधे उघडे. ‘ह्याने उपदेशच करावा,’ मिस्त्रींच्या मनात आलं.

सून शेताच्या वरच्या बांधावर चढली आणि थेट पुतण्याच्या परसात शिरली.

म्हणजे हिचं आणि त्याचंच संगनमत! एक पुढून पाय दाबतो, एक मागून दूध पोचवते. मिस्त्री परसाच्या कुडाला टेकून उभे राहिले. फटीतून आतलं दिसत होतं.

पुतण्याचा कुठे पत्ता नव्हता. अंगणात खाटेवर त्याची बायको पडली होती, बाळंत झालेली, ओठांवर रक्त नसलेली. तिच्या कुशीत मूल होतं, पण ते रडायचं तेही मांजराच्या पिल्लासारखं. सुनेने किटली उघडली, दुधात कोमट पाणी मिसळलं आणि चमच्याने मुलाला पाजायला बसली. मग मुलाची लंगोटी धुतली. मग जावेचे केस विंचरले. त्यांतून मूठभर केस गळून आले ते तिने लगेच चुलीत टाकले, जावेला दिसू नयेत म्हणून.

“तुम्ही का करता हे सगळं?” जाऊ म्हणाली. “तुम्हाला घराबाहेर काढायला बसलेत हे. मला माहितीये. तुमच्या घरचा पाण्याचा थेंब घ्यायचा नाही अशी शपथ घातलीय मला.”

“मलाही माहितीये.”

“राग नाही येत?”

“येतो तर! वाटेत रोज येतो. बांधावर चढले की असं वाटतं, किटली इथेच ओतावी आणि घरी जावं.”

“मग?”

“मग काय? राग घेऊनच येते. राग सोडून ये असं प्रभूने म्हटलं असतं, तर मी अजून घरीच बसले असते. त्याने नुसतं ‘जा’ म्हटलंय. जाणं माझ्या पायांत आहे. रागाचं त्याचं तो बघेल.”

मिस्त्री कुडाला धरून राहिले. पहिला विचार आला तो हाच, की आपण इथे उभे आहोत हे हिला माहीत तर नाही? माझ्यासाठीच तर बोलत नाही? त्यांनी पुन्हा फटीला डोळा लावला. तिची पाठ होती त्यांच्याकडे. मूल तिच्या मांडीवर ढेकर देत होतं.

ते माघारी वळले. बांध उतरताना काठी सुटली आणि ते कोरड्या पाटात कोसळले. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ऊन वर आलं. धोतर ओलं झालं. तोंडात माती गेली. असे पडलेले असताना पावलं जवळ आली आणि सुनेची सावली अंगावर पडली.

ती बघतच राहिली. मग पाटाच्या काठावर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली.

“हसू नकोस,” मिस्त्री म्हणाले.

“इथपर्यंत चालत आलात?”

“हो.”

“माझ्या मागावर?”

मिस्त्रींनी तोंडातली माती थुंकली. “हो.”

“बरं झालं,” ती डोळे पुसत म्हणाली. “नाहीतर कधी चालला असतात तुम्ही?” आणि तिने त्यांच्या काखेत खांदा घातला.

पुतण्या दोन-चार दिवसांत माणसं घेऊन आलाच. गावाचा कारभार बघणारे दोघं वडीलधारे, दुकानदार आणि पाळक. पाळकाला त्यानेच बोलावलं होतं, समोरासमोर होऊन जाऊ दे म्हणून. मिस्त्रींना अंगणात खुर्चीवर बसवलं. सून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“काका,” पुतण्या मऊ आवाजात म्हणाला, “तुमच्या मनात आहे ते सांगा. कोणाचा दबाव नाही.”

मिस्त्रींची जीभ जड झाली. शब्द एकेक करून दगडासारखा उचलावा लागत होता. लाळ ओघळली. दुकानदाराने नजर दुसरीकडे वळवली.

“माझा कोणावर विश्वास नाही,” ते म्हणाले. “हिच्यावर नाही. ह्या पाळकावर तर नाहीच, त्याला साधा बांध घालता येत नाही.” वडीलधाऱ्यांपैकी एक हसला. “पण शेत ही करील. मी आहे तोवर, आणि मी गेल्यावरही. ज्याला ऐकायचं त्याने ऐका.”

“काका, तुम्हाला कोणीतरी...”

“आणि तू.” मिस्त्रींचा उजवा हात वर आला. “तुझं पोर कोणाच्या दुधावर जगलंय ते घरी जाऊन बायकोला विचार. रोज सकाळी माझ्या गायीचं दूध जातं. ही उपाशी राहून पोचवते. आणि तू हिला हाकलायला माणसं आणतोस.”

पुतण्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला, चपला पायात न घालता हातातच घेऊन निघून गेला.

लोक पांगले. मिस्त्रींना वाटलं होतं, सून पाया पडेल. ती समोर येऊन उभी राहिली आणि तिचा आवाज कापत होता.

“हे का बोललात? मी शब्द दिला होता. त्या बाईच्या पाठीवर आता काय पडेल, कल्पना आहे तुम्हाला?”

“तुझ्या बाजूने बोललो.”

“माझ्या बाजूने बोलायला शेताचं पुरे होतं. दुधाचं तुम्ही त्याला खाली बघायला लावण्यासाठी बोललात.”

तिने ओळंबा लावला होता आणि भिंत वाकडी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सून किटली घेऊन गेली आणि भरलेलीच घेऊन परत आली. पुतण्याने परसाच्या दाराला आतून अडसर घातला होता. तिसऱ्या दिवशीही तेच. “उघडत नाहीत,” ती म्हणाली, एवढंच. वाऱ्याबरोबर त्या बाजूने मुलाचं रडणं यायचं. मग ते रडणंही बारीक होत गेलं. सून तरी जायची. दारापाशी उभी राहायची, हाक मारायची, परत यायची. उरलेलं दूध तिने पाळकाच्या हाती पाठवून बघितलं. तेही परत आलं. मारहाण झाली नव्हती, एवढं पाळकाला कळलं; पण पुतण्या कोणाशी बोलत नव्हता.

मिस्त्रींना अन्न गोड लागेना. त्यांनी एकदा सुनेला विचारलं, “मी काय करू?”

“मला नका विचारू,” ती म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

एका पहाटे ती धार आधीच काढून आतल्या खोलीत गुडघ्यावर बसली होती, तेव्हा मिस्त्री खाटेवर उठून बसले. मुलगा गेल्यापासून त्यांनी वर तोंड करून एक शब्द काढला नव्हता. आता काढावा तर जीभ अर्धीच. त्यांनी डोळे मिटले. ‘माझा तुझ्यावरही भरवसा नाही,’ ते मनात म्हणाले. ‘पोर नेलंस माझं.’ ते थांबले. आतून काही आवाज आला नाही, अंगावर शहारा आला नाही. गोठ्यात गाय शेपटी आपटत होती. त्यांना वाटलं, ही रोज अशी बसून काय ऐकते? डोळे उघडले तर समोर ओट्यावर किटली होती. धार काढून भरलेली, झाकण लावलेली. बाकी काहीच कळलं नाही, पण ती किटली तिथे होती.

त्यांनी काठी उजव्या काखेत दाबली. किटलीची कडी डाव्या मुठीत अडकवली आणि उजव्या हाताने ती मूठ एकेक बोट करून आवळून दिली. सून बाहेर आली तेव्हा ते दारात पोचले होते.

“मी येऊ बरोबर?”

“नको. मी मोडलंय, मीच बघतो.”

त्यांना वाटेत दोनदा बसावं लागलं. बांधावर चढताना थोडं दूध सांडलं. ‘हा हरामखोर,’ त्यांच्या मनात येत होतं, ‘माझा पाय दाबत होता आणि जमीन चाचपत होता. त्याच्या दारात मी जायचं?’ राग उसळून आला. ते राग तसाच घेऊन पुढे चालत राहिले, कारण त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

मागच्या दाराला ते गेलेच नाहीत. पुढच्या दारावर काठी आपटली. बराच वेळ कोणी आलं नाही. मग अडसर सरकल्याचा आवाज आला आणि फटीत पुतण्याचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने काकांकडे बघितलं, त्यांच्यामागे वाटेवर बघितलं, कोणी तमाशा बघायला तर आलं नाही ना म्हणून.

“एकटाच आहे,” मिस्त्री म्हणाले. “मी त्या दिवशी बोललो, ते दुधाचं बोलायला नको होतं. चुकलो. हे घे.”

पुतण्याने हात पुढे केला नाही. त्याची नजर किटलीवर खिळली होती.

“यात काय घातलंय?” त्याने विचारलं.

हा प्रश्न मिस्त्रींना अनोळखी नव्हता. दुसऱ्या कोणी विचारला असता तर काठी उगारली असती. आत्ता मात्र त्यांना ह्या माणसाची कीव आली, आणि त्याच्याबरोबर थोडी स्वतःचीही. त्यांनी काठी चौकटीला टेकवली, उजव्या हाताने झाकण काढलं आणि किटली तोंडाला लावली. डावी बाजू मिटतच नव्हती. अर्धं दूध घशात गेलं, अर्धं हनुवटीवरून सदऱ्यावर, तिथून पायावर ओघळलं. त्यांनी किटली परत पुढे धरली.

“लवकर घे,” ते म्हणाले. “हा हात फार वेळ धरणार नाही.”

आतून मूल रडलं. किटली सुटणार एवढ्यात पुतण्याने ती खालून धरली. तो तसाच उभा राहिला, दुधाने भिजलेल्या सदऱ्याकडे बघत. मग त्याने किटली आत बायकोच्या हाती दिली आणि परत येऊन पायाने एक तिवई दारात ओढली.

“बसा, काका,” तो म्हणाला. आवाज मऊ नव्हता, घोगरा होता.

मिस्त्रींनी तिवईकडे बघितलं. वाकून तिचा एक पाय हाताने हलवून बघितला, दुसरा बघितला. मग बसले.